वेतनवाढीची मागणी आणि तिची पूर्वतयारी

घरात ज्याची चर्चा रोज होते आणि कचेरीत ज्याविषयी वर्षानुवर्षे शब्दही निघत नाही, असा एक विषय आहे. तो म्हणजे आपला स्वतःचा पगार. वाणसामान, मुलांची फी, घरभाडे आणि औषधपाणी यांचा मेळ घालताना तो पदोपदी आठवतो. परंतु ज्यांच्या हाती तो वाढविणे असते, त्या वरिष्ठांपुढे उभे राहिले की भल्याभल्यांची जीभ अडखळते. 'त्यांना दिसत नाही का? योग्य वेळी तेच देतील,' असे म्हणून आपण परत आपल्या जागी येऊन बसतो.

सरकारी नोकरीत हा प्रश्न बव्हंशी नियमांनीच सोडविलेला असतो. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. त्यांनुसार केंद्रीय कर्मचाऱ्यांना वार्षिक ३ टक्के वेतनवाढ ठरली आणि महागाई भत्त्याचा फेरविचार वर्षातून दोनदा होत आला. खाजगी कारखान्यात, पेढीवर, दुकानात, रुग्णालयात वा संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्याला असे निश्चित वेळापत्रक क्वचितच लाभते. तेथे बोलावे लागते. आणि न बोलण्याचीही किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती, हे एका साध्या उदाहरणावरून पाहा. दरमहा ३०,००० रुपयांवर चालणारे एक कुटुंब घ्या. भाव दरसाल ५ टक्क्यांनी चढत गेले, तर तीन वर्षांनी तीच चूल, तेच घर आणि तीच शाळा चालविण्यास सुमारे ३४,७३० रुपये लागतील. पगार मात्र ३०,००० वरच राहिला, तर कागदावर तो स्थिर दिसतो. प्रत्यक्षात त्या घरातून दरमहा सुमारे पावणेपाच हजार रुपये नाहीसे झालेले असतात. कोणी पगार कापला नाही, कोणी दंड केला नाही. तरीही तो घटला.

मग बोलावे कसे? वाचकहो, बोलण्याचे कौशल्य हा या विषयाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग त्याआधीच्या अभ्यासाचा आहे. ज्याला आपली मागणी पुराव्यानिशी मांडता येते, त्याचा संकोच निम्म्याने आपोआप गळून पडतो.

साबरमतीच्या काठचा धडा

या अभ्यासाचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १९१७ साली अहमदाबादेत प्लेगची साथ पसरली. मजुरांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी त्यांना पगाराशिवाय 'प्लेग बोनस' देऊ केला. काहींच्या बाबतीत तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत होता. साथ ओसरली आणि १९१८ च्या आरंभी मालकांनी हा बोनस बंद करण्याचे ठरविले. परंतु मधल्या काळात महायुद्धामुळे जीवनावश्यक वस्तू महागल्या होत्या. मजुरांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांच्या पुढे जाईनात.

गांधीजी मजुरांच्या बाजूने उभे राहिले. पण उभे राहण्याआधी त्यांनी सहकाऱ्यांसह मजुरांची मिळकत, वाढलेले भाव, उद्योगाची स्थिती आणि मुंबईच्या गिरण्यांतील वेतन यांची चौकशी केली. त्या चौकशीतून ३५ टक्के हा आकडा निघाला. तेव्हा त्यांनी प्रथम समजाविले ते मजुरांना: पन्नासाचा आग्रह सोडा, पस्तीस मागा आणि त्यावरून मात्र हटू नका. २२ फेब्रुवारीला गिरण्यांना टाळे लागले. मजूर रोज साबरमतीच्या काठी एका बाभळीच्या झाडाखाली जमत. एका बाजूस मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, तर दुसऱ्या बाजूस मजुरांसाठी झटणारी त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, असा तो विलक्षण संघर्ष होता. मजुरांचा धीर सुटू लागला तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि १८ मार्चला लवाद नेमण्याचे ठरून तडजोड झाली. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी निवाडा दिला, तोही ३५ टक्क्यांचाच.

एकट्या नोकरदाराची मागणी म्हणजे संप नव्हे. त्याच्या पाठीशी दहा हजार माणसे नसतात. तरीही या घटनेतील एक गोष्ट प्रत्येकाने उचलण्यासारखी आहे. मनात आलेला मोठा आकडा आणि सिद्ध करता येणारा आकडा हे दोन वेगळे असू शकतात. मागावा तो दुसरा. जो आकडा आपण स्वतः तपासून घेतला आहे, तो मागताना आवाज कापत नाही आणि समोरच्यालाही तो सहजासहजी उडवून लावता येत नाही.

गरज आणि मोल

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. मागणीला आधार कशाचा द्यावा? आपल्या गरजेचा, की आपल्या कामाचा? बहुतेक जण गरजेपासून सुरुवात करतात: मुलगी कॉलेजात गेली, आईचे ऑपरेशन झाले, घराचा हप्ता वाढला. हे सारे खरे असते, पण व्यवस्थापकापुढे ते दुबळे ठरते. कारण शेजारच्या टेबलावरील माणसालाही अशाच अडचणी असतात.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाचा विचार आरंभीच केला होता. १९४८ साली सरकारने नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन. किमान वेतनाचा पाया गरज हाच होता. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने तर कामगाराच्या कुटुंबाचा आहार, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि जळण-दिवाबत्ती यांचा हिशेब मांडून हे माप ठरवून दिले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. कोणालाही याहून कमी मिळू नये, असा त्यामागील हेतू.

परंतु किमानापासून वर चढताना मोजमाप बदलते. न्याय्य वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन आणि वरची मर्यादा उद्योगाची देण्याची क्षमता, असे समितीने म्हटले. त्या दोहोंमधील जागा ठरविताना कामाची उत्पादकता आणि त्याच परिसरात तशाच कामाला मिळणारे दर यांचा विचार करावा, असेही तिने सांगितले. पाऊणशे वर्षांपूर्वीचे हे निकष आजच्या कोणत्याही कचेरीत तितकेच उपयोगी पडतात. आपली गरज आपल्याला मागण्याचे बळ देते. मागणी मान्य होते ती कामाच्या मोलावर.

तीन वह्या

तेव्हा बोलण्यापूर्वी निदान दोन-तीन महिने तीन वह्या लिहाव्यात.

पहिली वही घरखर्चाची. ही वरिष्ठांना दाखवायची नसून आपल्यासाठी आहे. गेल्या वर्षी आणि या वर्षी त्याच गोष्टींना किती लागले, हे पतिपत्नींनी एकत्र बसून लिहावे. भावांच्या चढउताराचा अधिकृत आकडा हवा असेल, तर केंद्र सरकारच्या श्रम ब्यूरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक पाहावा. २०१६ हे पायाभूत वर्ष धरून २०२० साली सुरू झालेल्या मालिकेत देशातील ८८ केंद्रांचे आकडे येतात. मुंबई, नागपूर, सोलापूर ही त्यांपैकीच. त्याचा उपयोग सोपा आहे. समजा, आपला पगार शेवटचा वाढला तेव्हा निर्देशांक १२० होता आणि आज तो १४० आहे. तर तेव्हाच्या ३०,००० रुपयांना १४० ने गुणून १२० ने भागावे, ३५,००० येतात. म्हणजे ३५,००० मिळाले तर आपण होतो तेथेच आहोत. खरी वाढ त्याच्या वर सुरू होते.

दुसरी वही कामाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. 'मी फार कष्ट करतो' हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. म्हणून ते कोणाचेच होत नाही. दर शनिवारी दहा मिनिटे काढून त्या आठवड्यात आपल्या हातून काय घडले, ते तारखेसह आणि आकड्यांसह लिहावे. एका घाऊक औषधविक्रेत्याकडे हिशेब सांभाळणारा कर्मचारी कल्पून पाहा. पेढीची उधारीची विक्री महिन्याला १० लाखांची आहे. पूर्वी येणी वसूल व्हायला ६० दिवस लागत. याने पाठपुरावा करून ती मुदत ४० दिवसांवर आणली. म्हणजे बाजारात अडकलेले सुमारे २० लाख रुपये आता १३ लाख ३३ हजारांवर आले आणि मालकाचे ६ लाख ६७ हजार मोकळे झाले. बँकेचे व्याज १२ टक्के धरले, तरी वर्षाला सुमारे ८०,००० रुपयांची बचत झाली. आता याने दरमहा ३,००० रुपयांची वाढ मागितली, तर वर्षाचे ३६,००० होतात. ही मागणी मोठी की लहान, हे सांगण्याची आवश्यकताच उरत नाही.

प्रत्येकाचे काम असे रुपयांत मोजता येत नाही, हे खरे. परिचारिका, शिक्षक, स्वागतिका, कोठारपाल यांनी काय लिहावे? त्यांनी नव्याने अंगावर आलेल्या जबाबदाऱ्या लिहाव्यात. शिकविलेले नवे सहकारी, टळलेल्या चुका, कमी झालेल्या तक्रारी, दुसऱ्याच्या रजेत सांभाळलेले काम लिहावे. नेमणुकीच्या वेळी ठरलेले काम एका बाजूस आणि आज प्रत्यक्ष करीत असलेले काम दुसऱ्या बाजूस, अशा दोन रकान्यांचा एक कागद पुष्कळदा सर्व काही बोलून जातो.

तिसरी वही दरांची. आपल्या गावात, आपल्या अनुभवाच्या माणसाला या कामाचे किती मिळतात? नोकरीच्या जाहिराती, त्याच क्षेत्रातील परिचित, नोकरी बदललेले जुने सहकारी यांच्याकडून हे कळते. मात्र तुलना समान असावी. पुण्याचा दर जळगावला किंवा बंगळूरचा दर इंदूरला लावून चालत नाही. ऐकीव आकडा एकाच तोंडून आला असेल, तर तो आधार म्हणून घेऊ नये. तीन-चार ठिकाणांहून जुळला तरच वहीत उतरवावा.

याच वेळी आपली वेतनचिठ्ठीही नीट वाचावी. वाढ मूळ वेतनात मिळाली की एखाद्या भत्त्यात, याने पुष्कळ फरक पडतो. मूळ वेतनात ३,००० रुपये वाढले आणि भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी पूर्ण मूळ वेतनावर भरली जात असेल, तर १२ टक्क्यांनी आपले ३६० आणि मालकाचे ३६० असे ७२० रुपये दरमहा निधीत अधिक जमा होतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या हिशेबाने मिळते. २० वर्षांच्या सेवेत या ३,००० रुपयांमुळे तीत सुमारे ३४,६०० रुपयांची भर पडते. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक होत असतील, तर तो अधिकचा भाग वेतनातच धरावा लागतो. तेव्हा किती वाढले याबरोबरच कोठे वाढले, हेही विचारावे.

भगिनींसाठी दोन शब्द

नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत संकोचाला आणखी एक पदर असतो. 'घरात यांचा पगार आहेच, मग मी कशाला मागू?' असे पुष्कळ जणी म्हणतात, आणि काही वेळा वरिष्ठही तसेच गृहीत धरतात. परंतु पगार हा कामाचा असतो. घरात दुसरा कोणी मिळवतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात स्त्रीपुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व नमूद आहे. १९७६ च्या कायद्याने त्याला बळ दिले आणि आता ती तरतूद वेतन संहितेत आली आहे.

मुंबईतील एका जहाजवाहतूक कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांना आपल्याहून अधिक वेतन मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनीची आर्थिक स्थिती चांगली नाही, या सबबीवर समान वेतन नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. प्रत्येकीला न्यायालयात जावे लागत नाही, आणि जावे लागू नये. पण त्यांच्या यशाचे मूळ कामाच्या तुलनेत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वेळ आणि वाणी

पूर्ण तयारीनिशी केलेली मागणीही अवेळी केली तर वाया जाते. बहुतेक संस्थांचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते, आणि पुढील वर्षाचा वेतनखर्च त्यापूर्वीच ठरलेला असतो. एप्रिलमध्ये पगाराचे पत्र हाती पडल्यावर नाराजी दर्शविण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत विषय काढणे शहाणपणाचे. वरिष्ठ घाईत असताना, मोठी मागणी हातची गेलेली असताना किंवा सर्वांसमक्ष हा विषय काढू नये. आधी वेळ मागून घ्यावी: 'साहेब, माझ्या कामाबद्दल आणि पगाराबद्दल पंधरा मिनिटे बोलायचे आहे. या आठवड्यात आपल्याला कधी सोयीचे होईल?' असे सरळ विचारल्याने त्यांनाही विचार करण्यास अवधी मिळतो.

प्रत्यक्ष भेटीत बोलणे थोडके असावे. कामातील तीन-चार ठळक गोष्टी, बाजारातील दर आणि आपला आकडा, एवढे पुरे. 'काहीतरी वाढवा ना,' असे म्हणू नये. 'काहीतरी' मागणाऱ्याला काहीतरीच मिळते. आकडा सांगावा आणि थांबावा. ती शांतता अवघड वाटते, पण तीत समोरचा माणूस विचार करीत असतो. आपणच घाईने 'निदान इतके तरी द्या' म्हणून तो आकडा मोडू नये. कोणा सहकाऱ्याची निंदा करू नये. दुसरी नोकरी खरोखर हातात असून ती स्वीकारण्याची तयारी असेल, तरच तिचा उल्लेख करावा. पोकळ धमकी एकदाच चालते आणि नंतर कायमची आठवणीत राहते.

उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. ते अपमान समजू नये. तेव्हा विचारावे, 'मग यासाठी माझ्याकडून काय अपेक्षित आहे, आणि आपण पुन्हा केव्हा बोलावे?' पैशाची अडचण खरी असेल, तर प्रशिक्षणाचा खर्च, आरोग्यविमा, प्रवासाचा वेळ वाचविणारी सवलत किंवा पदनामातील बदल यांवरही बोलता येते. जे ठरले त्याचे दोन-चार ओळींचे पत्र वा ईमेल त्याच दिवशी नम्रपणे पाठवावे. सहा महिन्यांनी साहेब बदलले, तरी कागद राहतो. आणि मुदत उलटूनही काहीच घडले नाही, तर त्याच तीन वह्या दुसऱ्या ठिकाणी अर्ज करताना उपयोगी पडतात. तयारी कधी फुकट जात नाही.

आपण देणारे असतो तेव्हा

शेवटी एक विचार मनाशी करून पाहावा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुणीभांडी वा स्वयंपाक करणाऱ्या बाई येतात. एखाद्या सकाळी त्या म्हणतात, 'ताई, दोन वर्षं झाली. घरात माणूस वाढलंय, भांडी वाढलीत. समोरच्या घरी पाचशे जास्त देतात.' या तीन वाक्यांत काळ आहे, वाढलेले काम आहे आणि बाजाराचा दर आहे. कोणत्याही कचेरीत शोभेल अशी ही मांडणी आहे, आणि ती करणाऱ्या बाई कदाचित शाळेची पायरीही चढलेल्या नसतात.

त्या वेळी आपण काय करतो? कपाळाला आठ्या घालतो, की शांतपणे ऐकून हिशेब करतो? आपल्या साहेबांनी आपले म्हणणे जसे ऐकावे असे वाटते, तसेच आपण त्यांचे ऐकले, तर मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजू आपल्याला नीट कळू लागतील. श्रमाचे मोल खुलेपणाने बोलण्याची सवय घरापासून लागली, तर ती कचेरीतही परकी वाटणार नाही. मुलांच्या कानांवरही हे संभाषण पडू द्यावे. उद्या त्यांनाही आपल्या कामाची किंमत सांगायची आहे.

तेव्हा येत्या शनिवारी रात्रीची जेवणे आटोपल्यावर एक कोरी वही घ्यावी आणि गेल्या आठवड्यात आपण काय काम केले, ते तारीख घालून लिहावे. पहिल्या पानावर तीन-चारच ओळी येतील. डिसेंबरपर्यंत त्याच ओळींना साहेबांसमोर बोलता येईल.